मदत हवी आहे: .३०८ रायफलसाठी बिनशिशाची गोळी कोणती? टीटीएसएक्स, सीएक्स की ई-टिप?

मंडळी, कॅलिफोर्नियात रानडुक्कर किंवा ब्लॅकटेल हरणाच्या शिकारीला जाणारं आणि काडतुसं घरी भरणारं कुणी इथे आहे का? (परवाना, टॅग म्हणजे जनावरामागची परवाना-चिठ्ठी, सगळं रीतसर आहे. शिकार करावी की नाही हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.)

१ जुलै २०१९ पासून इथे कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. कारण कॉंडोर, म्हणजे इथलं दुर्मिळ गिधाड. मारलेल्या जनावराची आतडी रानातच राहतात, त्यातले शिशाचे कण खाऊन हा पक्षी मरतो. १९८७ मध्ये सगळे मिळून २७ उरले होते. आपल्याकडे गिधाडांचं डायक्लोफेनॅक या गुरांच्या वेदनाशामकाने केलं तेच. त्यामुळे नियमाबद्दल तक्रार नाही, अडलंय ते निवडीवर.

रायफल .३०८ विंचेस्टर, २२ इंची बॅरल, ट्विस्ट १:१२ (नळीतल्या पिळाचा एक पूर्ण फेरा १२ इंचांत). आजवर शिशाची १६५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वापरली. तांबं हलकं (घनता ८.९६, शिशाची ११.३४), म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी लांबलचक होते. मॅगझिनच्या लांबीत बसवायची तर ती केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) खोल जाऊन पावडरची जागा खाते, आणि माझा ट्विस्टही जुन्या पद्धतीचा, संथ, लांब गोळीला पुरेशी फिरकी न देणारा. म्हणून १५० ग्रेनवर यायचा विचार आहे. बरोबर आहे ना?

बार्न्स टीटीएसएक्स, हॉर्नडी सीएक्स आणि नॉसलर ई-टिप, तिघींचे डबे पन्नासाचे आणि खिशाला चाट लावणारे. तिन्ही घेऊन बसणं परवडत नाही. अंतर फार तर २०० यार्ड. ग्रुप (निशाण्यावरच्या भोकांचा पसारा) कुणाचा लहान येतो यापेक्षा वेग उतरल्यावर कोणती नीट फुलते, म्हणजे लागल्यावर तिचं टोक उघडून रुंद होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. न फुललेली गोळी आरपार जाते आणि मग अंधारात चॅपरलच्या (इथल्या कोरड्या टेकड्यांवरच्या) दाट झुडपांतून जखमी डुक्कर शोधत फिरा!

प्रतिसाद १

१५० बरोबर. तांब्याची गोळी सगळी एकसंध राहते, वजन गळत नाही, म्हणून एक पायरी हलकी घेतली तरी खोल जाते. २०० यार्डांवर .३०८ चा वेग पुरेसा उरतो, तिथे तिन्ही फुलतील. मी टीटीएसएक्सपासून सुरुवात करेन, कारण तिचा लोड-डेटा (कोणती पावडर किती भरायची याचे आकडे) सहज मिळतो. शिशाच्या गोळीचा डेटा हिला लावू नका, एकीचा दुसरीलाही नको. दाब वेगळा येतो. त्या-त्या कंपनीच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या चार्जपासूनच (पावडरच्या मापापासून) वर चढा.

आणि गोळी रायफलिंगला (नळीतल्या पिळाच्या खाचांना) भिडवायची सवय असेल तर सोडा. बार्न्सवाले ०.०५० इंच मागून सुरुवात करायला सांगतात. आधी बॅरल कॉपर सॉल्व्हंटने पार स्वच्छ करा, पुसायच्या कापडी पॅचवर तांब्याचा निळा रंग उमटायचा थांबेपर्यंत.

धागाकर्ता

आभार! पॅच अजून निळाच येतोय. टीटीएसएक्सचा एक डबा मागवतो.