मदत हवी आहे: ओआरएसच्या अहिराणी व्हिडिओत पाण्याचं माप कसं दाखवावं?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. शिरपूर-चोपडा पट्ट्यातल्या गावांसाठी बालआरोग्याचे छोटे व्हिडिओ करतो आहोत. अंगणवाडीत, मातांच्या बैठकीत आणि व्हॉट्सॅपवर दाखवायचे. पहिला विषय ओआरएस, म्हणजे पातळ संडास लागल्यावर पाजायचं क्षार-ग्लुकोजचं पाणी. लांबी ९० सेकंद. उन्हाळा लागायच्या आत हातात हवा.

क्रम असा धरलाय: हात धुणे, उकळून गार केलेलं पाणी, पुडी ओतणे, ढवळणे, पाजणे, उरलेलं २४ तासांनी फेकणे. कच्चा व्हिडिओ काही बायांना दाखवला आणि मग त्यांनाच करून दाखवायला सांगितलं, तर बहुतेकींनी आख्खी पुडी एका गिलासात ओतली! निवेदनात "एक लिटर" तीनदा आहे.

तर विचारायचं ते हे. लिटर डोळ्यांना कसा दाखवायचा? कितव्या महिन्याला किती पाजायचं, हे चमच्या-वाटीत कसं सांगायचं? झिंकची गोळी यातच घ्यावी की वेगळ्या व्हिडिओत? आणि अहिराणीत "जुलाब" म्हणावं का?

वॉर्ड नंबर तीन

भाऊ, चूक बायांची नाही, व्हिडिओची आहे. लिटर ही ऐकायची गोष्टच नाही. तुमच्या फ्रेममध्ये स्टीलचा तांब्या असणार, आणि तांब्या कुणाकडे पाऊण लिटरचा, कुणाकडे सव्वाचा. त्यापेक्षा विकत मिळते ती एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, ती आता पाड्यावरही सापडते. बाटली मोकळी करून धुवा, उकळून गार केलेलं पाणी तिच्यात भरा, ते पाणी कॅमेऱ्यासमोर तांब्यात ओता आणि जिथवर चढलं तिथं आतून बोट लावून दाखवा. घरच्या तांब्याला बाहेरून त्या उंचीवर नेलपेंटची रेघ मारायची. एकदा मारली की पुढच्या वेळी बाटली शोधायला नको.

गिलासात आख्खी पुडी गेली तर द्रावण चार-पाच पट दाट होतं. दाट द्रावण आतड्यात गेलं की शरीरातलंच पाणी आतड्याकडे खेचलं जातं, संडास वाढते, रक्तातलं सोडियम चढतं, आणि लहान बाळाला झटकेसुद्धा येऊ शकतात. मग घरचे म्हणतात, "पुडी दिली आणि जास्तच झालं," आणि पुढच्या वेळी पुडी फडताळातच राहते.

अर्धी पुडी-अर्धा लिटर हाही सल्ला देऊ नका. मोठ्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ असं मिळून २०.५ ग्रॅम असतं. चारही पूड सारखी मिसळलेली राहीलच असं नाही, त्यामुळे अर्ध्यात काय आलं ते सांगता येत नाही. मेडिकलवर २०० मिलीची छोटी पुडीही मिळते. तुमचा व्हिडिओ आशाताई देतात त्या मोठ्या पुडीवरच ठेवा, फक्त शेवटी एक फ्रेम टाका: पुडीवर छापलेल्या पाण्याच्या आकड्यावर बोट.

मापात बांधलेल्या पुडीचं मोल १९७१ साली पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत दिसलं होतं. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा मोजून पिशव्यांत भरून घेतला आणि पाजायला नातेवाइकांच्याच हाती दिला. पटकीने होणारे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांखाली आले. पाजणारे डॉक्टर नव्हते, पण मोजमाप पक्कं होतं.

किती पाजायचं: दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००. चमचा ५ मिलीचा धरला तर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दहा ते वीस चमचे. बाळाला एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा, मोठ्याला गिलासातून घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. हे दहा मिनिटं थांबणं फ्रेममध्ये दिसलंच पाहिजे, कारण बहुतेक घरांत पहिल्या उलटीलाच पाजणं बंद होतं. दूध पाजायच्या बाटलीचं बूच-निपल मात्र दाखवू नका.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी प्रयोग नको. अंगावर पाजत पाजत थेट दवाखाना.

कळण्याची भाकर

झिंक वेगळ्या व्हिडिओत घ्या. ९० सेकंदांत दोन मापं आली की एक जातं, आणि जाणारं बहुधा पाण्याचंच असतं. झिंकसाठी ४० सेकंद पुरेत: २० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून, सहा महिन्यांवर पूर्ण, चमचाभर पाण्यात. दिवस १४. तिसऱ्या दिवशी संडास बांधून झाली की गोळी सुटते, म्हणून १४ घरांचा कागद भिंतीला लावून रोज एक फुली, एवढंच दृश्य दाखवा.

आणखी एक. आपल्याकडे संडास लागली की आजीबाई जायफळ उगाळतात. व्हिडिओत त्यावर टीका नको, आजी उठून जाईल आणि सूनही. पण जायफळाने गेलेलं पाणी भरून येत नाही. जास्त झालं तर मूल गुंगतं, आणि मग ही गुंगी जायफळाची की पाणी कमी पडल्याची, हे दवाखान्यातही चटकन कळत नाही.

खाण्याचंही एक दृश्य हवं. अंगावरचं दूध चालू, सहा महिन्यांवरच्या बाळाला मऊ मूगडाळ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं पिकलेलं केळ. केळ्यात पोटॅशियम आहे आणि यावल-रावेरकडे ते घरोघरी आहे, मग डाळिंबाचा रस कशाला शोधायचा? नुसतं ग्लुकोज पावडरचं पाणी, कोल्ड्रिंक, कोरा चहा नको. दुकानातली गोड पेयांची खोकी तर नकोच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) असल्या पेयांच्या नावात "ओआरएस" लावायला मनाई केली, पण लोकांच्या तोंडी तेच नाव बसलंय.

रावेरकर

भाषेबद्दल, भो. "जुलाब" टाळा, काहींना ते पोट साफ करायचं औषध वाटतं. "पातळ संडास" सगळीकडे कळतं: "पोऱ्याले पातळ संडास व्हयनी". मापासाठी एकच ओळ पुन्हा पुन्हा: "आख्खी पुडी, एक लिटर पानी."

पण अहिराणीत एकदाच करून भागणार नाही. आमच्याकडे रावेर-फैजपूरला लेवा बोली, चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात आणि धडगावला पावरी, नवापूरकडे मावची. म्हणून चित्र असं घ्या की ओठ दिसणार नाहीत, फक्त हात. मग आवाजाचा ट्रॅक बदलला की व्हिडिओ नवा.

चित्रण सकाळी आठ-नऊला ओसरीवर, पंखा बंद, कॉलर माईक. तांब्यात पाणी ओतल्याचा आवाज माईकवर फार चढतो, तेव्हा ओतताना बोलू नका. पूड पांढरी, म्हणून मागे गडद लुगडं. एकूण बिटरेट ७०० केबीपीएस ठेवला तर ९० सेकंदांची फाईल ८ एमबीच्या आत बसते. सातपुड्यातल्या रेंजला यापेक्षा जड पाठवून उपयोग नाही.

चुकीची कृती दाखवून लाल फुली मारू नका. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्याच्या लक्षात गिलासच राहतो.

पांझराकाठ

ताई, भाऊ, मनापासून आभार. बाटली, नेलपेंट, हातांचे शॉट ठरलं. झिंक वेगळं काढतो. धोक्याच्या खुणांत पोटाच्या कातडीचा चिमटा (सोडल्यावर कातडी सावकाश बसली तर अंगात पाणी कमी) घ्यावा का? चार्टवर असतो.

वॉर्ड नंबर तीन

नको. नंदुरबारकडे व्हिडिओ फिरणार असेल तर मुळीच नको. अतिकुपोषित मुलाची कातडी पाणी कमी नसतानाही सावकाश बसते. उलट अंगावर सूज असेल तर पाणी कमी असूनही चटकन बसते. अशा मुलाला नेहमीचं ओआरएस नेहमीच्या मापात घरी देत बसायचं नसतं, त्याला दवाखान्यातच न्यायचं.

आईला दिसतील अशा खुणा घ्या: डोळे खोल गेलेत, मूल मलूल आहे किंवा पीतच नाही, घोट घेतला की उलटतोय, सहा तासांत लघवी नाही, संडासात रक्त. यातली एक दिसली तरी निघायचं, आणि रस्ताभर चमच्याने पाजत राहायचं. पडद्यावर मोठ्या आकड्यांत १०८. आजारी मुलाचा चेहरा घेऊ नका, कापडी बाहुलीवर जमतं.

पांझराकाठ

शेवटचं. बाटली खांद्यापर्यंत भरायची की काठोकाठ?

वॉर्ड नंबर तीन

सीलबंद येते तेव्हा पाणी जिथं असतं तिथपर्यंत, म्हणजे गळ्याशी. एखादा घोट इकडे-तिकडे झाला तर बिघडत नाही. कंपनीचं लेबल काढा, नाहीतर पाणीही त्याच कंपनीचं लागतं असा समज होईल. आणि पुडी बाटलीच्या तोंडातून ओतू नका, अर्धी बाहेर सांडते. आधी पाणी तांब्यात, मग पुडी.