शब्दचर्चा : ‘सशासारखा खुरी प्राणी’ एका शब्दात कसा सांगावा?

मुळाक्षर
नमस्कार मंडळी. दक्षिण अमेरिकेतल्या नामशेष प्राण्यांवर शाळकरी मुलांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. पॅकिरुकोस या प्राण्यापाशी येऊन अडले. अर्जेंटिनातल्या पॅटागोनिया भागात त्याचे जीवाश्म सापडतात. लांबी जेमतेम ३० सेंटिमीटर, शेपूट आखूड, मागचे पाय लांब. चित्रात पाहिला तर कुणीही ससाच म्हणेल, पण तो खुरी प्राण्यांच्या गोतावळ्यातला आहे. मी आधी ‘खूरवाला ससा’ लिहिले. लेकीने वाचले आणि विचारले, “आई, सशाला कुठे खूर असतात?” मग ‘खुरससा’ केले, तेही मनाला पटेना. काय म्हणावे?

खडूफळा
ताई, तुमच्या लेकीने बरोबर जागी बोट ठेवले आहे. आपल्या समासात बहुतेक वेळा शेवटचे पद राज्य करते. देवघर हे घरच असते, पोळपाट हा पाटच. तसा ‘खुरससा’ म्हटला की ऐकणारा ससाच समजणार, फक्त खूर असलेला. संस्कृत तर्कशास्त्रात अशक्य गोष्टीचा दाखला म्हणून ‘शशशृंग’, म्हणजे सशाचे शिंग देतात. सशाचे खूर त्याच पंगतीला जाऊन बसतील!

आता कुणी म्हणेल, देवमासा मासा नाही, खवलेमांजर मांजर नाही, पाणघोडा घोडा नाही, तरी चालतेच ना? चालते, कारण ही नावे लोकांच्या तोंडून आली आणि रुळली. आज आपण नवा शब्द घडवतो आहोत, आणि तो मुलांसाठी घडवतो आहोत. जाणूनबुजून चुकीच्या कुळात घालणारे नाव देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पाणवठा
सरांशी सहमत. थोडी प्राण्याची बाजू मांडतो, कारण शब्द त्यावरच ठरेल.

पॅकिरुकोस हे नाव १८८५ मध्ये अर्जेंटिनाचे पुराजीवशास्त्रज्ञ फ्लोरेंतिनो अमेगिनो यांनी दिले. त्यांचे धाकटे भाऊ कार्लोस १८८७ पासून पॅटागोनियात हिंडून हाडे गोळा करत आणि फ्लोरेंतिनो त्यांचा अभ्यास करत. सांता क्रूझ प्रांतातल्या ज्या खडकांसाठी हे दोघे भाऊ प्रसिद्ध आहेत, ते साधारण १ कोटी ८० लाख ते १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे मायोसीन, आपल्या जुन्या परिभाषेत मध्यनूतन काळ. दक्षिण अमेरिका तेव्हा बेटासारखी एकटी होती, पनामाची जमीन अजून जुळायची होती. ससे उत्तरेकडच्या खंडांत होते, तिथे नव्हते. झुडपांच्या आडोशाने राहायचे, कुरतडून खायचे, चाहूल लागताच टणाटण उड्या मारत पळायचे, ही सशाची सगळी रीत तिथे दुसऱ्याच कुळातल्या प्राण्याने उचलली. त्याच्या नडगीची दोन हाडे एकमेकांना जुळलेली होती. उड्या मारणाऱ्या सशातही तसेच दिसते.

सारखेपणा कुठे संपतो ते दातांवरून कळते, आणि ते मला फार आवडते. सशाला वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांच्या दोन जोड्या असतात (मोठ्या दातांच्या मागे एक इवलीशी जोडी लपलेली असते) आणि खाली एक. पॅकिरुकोसला वर एक जोडी आणि खाली दोन. नेमके उलटे! सुळे दोघांनाही नाहीत. दात दोघांचेही आयुष्यभर वाढत राहणारे, कारण रखरखीत पाला चघळून दात झिजतात. गरज एकच, ती भागवण्याची रचना मात्र ज्याची त्याची.

मुळाक्षर
दातांचा हा मुद्दा पुस्तिकेत घेतेच! पण मग मूळ शंका अजून मोठी झाली. त्याला खरोखर खूर होते का? की ‘खुरी’ हे फक्त वर्गीकरणातले नाव?

पाणवठा
छान विचारलेत. ज्या गणात तो मोडतो त्याला नोटोअंग्युलेटा म्हणतात. सांतियागो रोथ यांनी १९०३ मध्ये हे नाव केले. ‘नोटोस’ म्हणजे ग्रीकमध्ये दक्षिण वारा, दक्षिण दिशा. ‘अंग्युला’ म्हणजे लॅटिनमध्ये खूर. दक्षिणेकडचे खुरी. या गणाचा पसारा प्रचंड होता. गेंड्याएवढा टॉक्सोडॉन यातलाच. त्याची एक कवटी डार्विनने १८३३ मध्ये उरुग्वेत १८ पेन्सला विकत घेतली होती. सापडली तेव्हा ती अखंड होती, पण गावच्या पोरांनी धोंडे मारून तिचे काही दात पाडले होते आणि मग तिलाच नेम धरायला ठेवले होते.

एका टोकाला टॉक्सोडॉन, दुसऱ्या टोकाला हा वीतभर प्राणी. या गटातल्या लहान प्राण्यांच्या बोटांची टोके गायीच्या खुरासारखी रुंद आणि भरदार नव्हती. तेव्हा ‘खुरी’ हे इथे आडनावासारखे आहे, घराणे सांगणारे. २०१५ मध्ये टॉक्सोडॉनच्या हाडांतले कोलॅजेन हे प्रथिन तपासले, तेव्हा त्याची जवळीक घोडा, गेंडा आणि टॅपिर यांच्या विषमखुरी गणाशी निघाली. म्हणजे आपला पॅकिरुकोस नात्याने सशापेक्षा घोड्याच्या कितीतरी जवळ.

बांधावरचा
पाटणकडचा आहे, शेती करतो, शास्त्र शिकलो नाही. पण खुराबद्दल सांगतो. आमच्याकडे खूर म्हणजे गाय, म्हैस, शेळी यांचा, दुभंगलेला. घोड्याची ती टाप. बैलाच्या पायाला पत्री मारतात, ती एका पायाला दोन लागतात, कारण खुराचे दोन भाग. घोड्याला अख्खा एक नाल. जनावरांचा रोग आला तर लाळ्या-खुरकूत. खाटेच्या पायालाही आमची आजी खूरच म्हणायची. तर नुसते ‘खुरी’ वाचले की आमच्या पोरांना शेळीचा पाय दिसणार. ते आधी समजावून सांगा.

आणि दुसरे असे की सशाएवढा खुरी प्राणी आपल्याकडेही आहे की! पिसोरी. कोयनेच्या रानात आहे. वजन तीनेक किलो, खांद्यापाशी उंची फूटभरसुद्धा नाही, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, काडीसारखे पाय. दिवसा ढोलीत नाहीतर गचपणात दडून राहते, रात्री पडलेली फळे खाते. माझ्या वडिलांनी एकदा दाखवली होती, ती अजून डोळ्यांपुढे आहे.

पाणवठा
दादा, पिसोरीची आठवण काढलीत, फार बरे वाटले. मुळाक्षर ताई, मुलांना आकार समजवायला हाच दाखला द्या. पण एक फरक लिहा : पिसोरी सशाएवढी आहे, सशासारखी नाही. तिच्या लहान खुरांतही दोन भाग स्पष्ट दिसतात, ती समखुरी. पॅकिरुकोसची ठेवणच सशाची होती. ‘एवढा’ आणि ‘सारखा’ यांत मराठी किती नेमका भेद करते पाहा.

आणखी एक गोंधळ टाळा. ‘सशासारखा’ म्हणजे कोणत्या सशासारखा? आपल्या माळरानावरचा ससा बीळ करत नाही, गवतात अंग चेपून बसतो. घरी पाळतात तो पांढरा ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. इंग्रजीत दोघांना वेगळी नावे आहेत, आपल्याकडे दोन्ही ससेच. पॅकिरुकोसचा नंतरचा एक भाऊबंद आहे, पीडोथेरियम. त्याचे जीवाश्म अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर, मार देल प्लाता जवळच्या कड्यांमध्ये, दगड झालेल्या बिळांतही सापडले आहेत. म्हणजे उड्यांसाठी माळरानाचा ससा आठवा, बिळांसाठी पाळीव.

अर्जेंटिनात आज मारा नावाचा लांब पायांचा प्राणी आहे. त्याला स्पॅनिशमध्ये ‘पॅटागोनियाचा ससा’ म्हणतात, पण तो गिनीपिगच्या नात्यातला, कुरतडणारा प्राणी. गंमत म्हणजे त्याच्या मागच्या पायांची नखे खुरासारखी दिसतात. तेव्हा ‘खुरससा’ म्हणाल तर तिकडचा माणूस माराच समजेल.

खडूफळा
मग कुळ शेवटी आणि सारखेपणा आधी, असा समास करू या. माझी सूचना : ‘ससेखुरी’.

‘ससे’ हे रूप मनचे नाही. ‘ससेहोलपट’ मध्ये ते आहेच : कुत्री सशाला चहूकडून पळवतात तशी दैना. (‘ससेमिरा’ मात्र इथे आणू नका, त्यात ससा नाही. जुन्या संस्कृत कथेतला राजपुत्र शापाने भ्रमिष्ट होऊन स, से, मि, रा ही चार अक्षरेच बडबडत राहतो. ती चार श्लोकांची आद्याक्षरे. पुष्कळ जण फसतात.) शिवाय समखुरी, विषमखुरी हे शब्द परिभाषेत आधीच आहेत, त्यांच्या रांगेत ‘ससेखुरी’ शोभेल. गणाला ‘दक्षिणखुरी’ म्हणा, अर्थ अगदी तंतोतंत उतरतो.

आणखी एक. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या जुन्या यादीत, ‘शश प्लुतगतौ’ असे आहे, म्हणजे उड्या मारत जाणे. ‘शश’चा संबंध परंपरेने त्या धातूशी जोडतात. त्या अर्थाने लांब मागच्या पायांच्या या जीवाला ‘ससे’ हे पद नुसत्या दिसण्यामुळे नाही, चालीमुळेही लागू पडते.

मुळाक्षर
ससेखुरी! जिभेवर लगेच बसला. लेकीलाही आवडला. एक शेवटचे : ‘नामशेष’ लिहू की ‘लुप्त’?

खडूफळा
‘नामशेष’ म्हणजे ज्याचे फक्त नाव उरले आहे असा. डोडोला तो शब्द शोभतो, माणसांनी त्याला जिवंतपणी नाव दिले होते. ससेखुरीला जिवंतपणी हाक मारणारे कुणीच नव्हते. त्याची हाडे उरली, नाव कोट्यवधी वर्षांनी मिळाले. रूढ अर्थाने ‘नामशेष’ चूक नाही, पण मी ‘लुप्त’ लिहीन.

पाणवठा
चित्रकाराने कान किती लांब काढले आहेत ते एकदा पाहा. कानाची पाळी मऊ असते, तिचा जीवाश्म होत नाही. कवटीत कानामागची पोकळी फुगीर होती, डोळ्यांच्या खोबणी मोठ्या होत्या. त्यावरून ऐकणे तीक्ष्ण असावे आणि तो रात्री हिंडत असावा, असा अंदाज करतात. कानाची लांबी हा मात्र चित्रकाराचा तर्क.

मुळाक्षर
पाहिले. थेट सशाचे कान काढले आहेत. त्यांना आखूड करायला सांगते, आणि चित्राखाली असे लिहिते : “पॅकिरुकोस, दक्षिणखुरी गणातला एक लुप्त ससेखुरी प्राणी. सशासारखा दिसे, पण नात्याने घोड्याच्या जवळचा. कान किती लांब होते ते हाडांवरून सांगता येत नाही.”

बांधावरचा
आणि बाजूला पिसोरीचे चित्रही टाका, ताई. त्याच मापात.