नवीन शुगर निघालीय, मशीनवर नक्की कधी कधी बघायचं?

वय ४४, मागच्या आठवड्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८ आलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू झालीय. डॉक्टर म्हणाले घरी मशीन घ्या, पण कधी तपासायचं ते विचारायचं राहूनच गेलं आणि आता मी दिवसातून सात-आठ वेळा टोचतेय. काल रात्री झोपताना ११८ होती, मधे पाण्याशिवाय काही नाही, तरी सकाळी उपाशीपोटी १४६! लगेच परत केलं तर १५८. मशीन बिघडलंय का? खूप टेन्शन आलंय, स्ट्रिपांची डबीपण संपत आली.

प्रतिसाद १
ताई, मशीन ठीक असणार. १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं असं त्यांचं स्टँडर्डच आहे, त्यामुळे १४६ आणि १५८ एकच समजा. हात मात्र साबणाने धुवून कोरडे करूनच टोचा, मी एकदा आंबा चिरून तसंच टोचलं तर २७० दाखवलं, हात धुतल्यावर १५२. आणि बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं. दाबून दाबून रक्त काढू नका.

प्रतिसाद २
सकाळची वाढलेली तुमच्या जेवणामुळेच असं नाही हो. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल वगैरे हार्मोन वाढतात आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, इन्सुलिन नीट काम करत नसलं की ती तशीच वर राहते. माझंही पहिले तीन महिने असंच होतं, मी घाबरून रात्रीचं जेवण बंद केलं होतं, तुम्ही ते अजिबात करू नका.

प्रतिसाद ३
सात-आठ वेळा कशाला, जोडीने करा. खायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, आज नाश्ता, उद्या दुपारचं जेवण, परवा रात्रीचं. शेजारी काय खाल्लं, किती खाल्लं ते वहीत लिहा, नुसता आकडा लिहून काही कळत नाही. साधारण उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत धरतात, पण तुमचं टार्गेट डॉक्टरांकडून घ्या. मला या वहीमुळेच कळलं की दोन भाकऱ्या मला चालतात आणि उपासाची साबुदाणा खिचडी अजिबात नाही.

प्रतिसाद ४
एक राहिलं. घाम, थरथर, धडधड झाली तर साखर खूप उतरलेली असू शकते, वेळ न बघता लगेच तपासा. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा होत नाही, पण पुढे ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळी जोडली तर होऊ शकतं, माझ्या बाबांना झालंय. ७० च्या खाली असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत बघा. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे, काल रात्री शांत झोप लागली. आज जोडीने केलं. पोह्यांआधी १३४, दोन तासांनी २०६. उद्या अर्धी वाटीच पोहे आणि सोबत उकडलेली अंडी घेऊन बघते, आकडे इथेच टाकते.