आपो बेट : पोहता न येणाऱ्या आईला न्यावं का?

प्रश्न: फेब्रुवारीत दुमागेतेला (फिलिपिन्स) चार दिवस आहोत. आपोचं प्रवाळ गावकरीच राखतात म्हणे. आई ६५ ची, पोहता येत नाही. जमेल का?

मालवणी_गडी: न्या हो! दुमागेतेजवळच्या मलातापायहून होडी मिळते. चढता-उतरताना गुडघे भिजतातच, साडी नको. माझी आई लाइफ जॅकेट घालून, गाइडच्या रिंगला धरून तरंगली. खाली भलंमोठं कासव समुद्रगवत चरत होतं, आमची म्हैस बांधावर चरते तसं. आईने पाण्यातच हात जोडले. कासवाला हात लावायचा मात्र नाही, गाइड ओरडतो.

प्रश्नकर्ती: पैसे कुठे भरायचे?

शिंपला: बेटावर पावती फाडतात. १९८२ मध्ये दुमागेतेच्या सिलिमन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांच्या मदतीने गावाने समुद्राच्या एका तुकड्यात मासेमारी थांबवली. बाकी समुद्रात जाळी पडतातच. २०११ च्या वादळाने त्या तुकड्यातलं प्रवाळ फार मोडलं, तेव्हा कुठे उतरू देतात ते तिथेच विचारा.

मालवणी_गडी: आमच्याकडे मालवणला १९८७ ला सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्यावरची भांडणं ऐकतच मोठा झालो. आपोला तर गाइडच मच्छीमार निघाला. खरं सांगू, हेवा वाटला. आणि हो, काकूंना उलटीची गोळी आधी द्या.