जानेवारीत कसा येईल तो?
विश्रामबागवाले दादा म्हणतायत की तो 17 वर्षांचा ब्राझीलचा फुटबॉलवाला स्ट्रायकर, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा, जानेवारीतच इंग्लंडच्या क्लबात येणार, क्लबानं पैसे तयार ठेवलेत. पैशाचं पटलं ओ, पण वयाचं काय? फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा नियमच आहे, 18 पूर्ण झाल्याशिवाय परदेशी क्लबात जाता येत नाही, थोडे अपवाद आहेत पण युरोपातल्या 16-17 च्या पोरांना घ्यायची सोयसुद्धा ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, इंग्लिश क्लबांना बंद झालीय, मग ब्राझीलचं तर सोडाच. ब्राझीलच्याच एन्ड्रिकचं बघा की, स्पेनच्या रियाल माद्रिद क्लबानं डिसेंबर 2022 मध्येच डील केलं आणि गडी 18 चा होऊन जुलै 2024 मध्ये गेला, तोवर ब्राझीलच्या पाल्मेरास क्लबाकडनंच खेळत होता.

बाकी एजंट लोक रोज नव्या क्लबाचं नाव सोडतात ते बेदाण्याच्या सौद्यात बोली चढवल्यागत आहे, त्यावर कशाला भांडताय. डील ठरलंही असेल, पण या सीझनला तो काय दिसत नाही.