शाईतला फिलर म्हणजे भेसळच ना?

ऑफसेटवाला:
किरमिजी छापताना कागदाचे तंतू उपटून येत होते. शाई फार चिकट आहे, थोडी पावडर घाल, असं एका जुन्या कारागिराने सांगितलं. मी डब्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पूड, घालून सुरीने चांगलं घोटलं. उपटणं थांबलं, पण दोन-तीन हजार प्रतींनंतर ब्लँकेटवर, म्हणजे कागदावर शाई उतरवणाऱ्या रबरी पृष्ठावर, थर साचला. दुसऱ्या दिवशी छपाईवरून बोट फिरवलं, तर रंग बोटाला! शाईवालेही फिलर, म्हणजे असलीच पूड, घालतात म्हणे. मग माझंच काय चुकलं?

काळाकुट्ट:
रंगद्रव्य महाग, खडू स्वस्त. भेसळच ती.

तीनरोल:
स्वस्त आहे, नाकारत नाही. शाईच्या मिलवर माझी बरीच वर्षं गेली, आणि खर्च वाचवायला फिलर घालणारेही पाहिले. पण शाईला अंग येतं तेही त्यानेच. खडूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, साधारण १.६, आणि व्हार्निशचा, म्हणजे शाईतल्या तेलकट माध्यमाचा, १.५ च्या आसपास. फरक इतका थोडा की तेलात भिजल्यावर खडूचा पांढरेपणा जवळजवळ विरून जातो. टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७, म्हणून तो झाकतो. रंग फारसा न बिघडवता घट्टपणा वाढवायचा तर खडूच बरा. बेंटोनाइट ही माती किंवा बारीक सिलिका असेल तर वेगात शाईचा फवारा उडणं कमी होतं. उलट बराइट या जड खनिज फिलरची घनता ४.५, पातळ शाईत तो सरळ तळ गाठतो.

तुमची गोची घोटण्यात आहे. कागदावर ऑफसेटची शाई जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीची. सुरीने कितीही घोटा, पावडरीच्या गुठळ्या त्याहून कितीतरी मोठ्या राहतात आणि ब्लँकेटवर साचतात. त्या फोडायला तीन रोलची मिल लागते. शिवाय कोरडी पावडर व्हार्निश पिते. रंगद्रव्याला बांधून ठेवायला पुरेसं उरलं नाही, म्हणून रंग बोटाला लागला.

फाउंटनचा, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याचा, पीएच किती होता?

ऑफसेटवाला:
४.८.

तीनरोल:
मग झालंच! आम्लात खडू विरघळतो, कॅल्शियमचे क्षार रोलरवर चढतात, आणि हळूहळू रोलर शाई धरेनासा होतो. पाणी कठीण असेल तर नुसत्या पाण्यानेही हे होतं, तुम्ही त्यात वरून भर घातलीत.

चिकटपणाच कमी करायचा होता तर तयार पेस्ट मिळते, ती जराशीच घालायची. त्याआधी मशीनचा वेग उतरवून बघायचा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

ऑफसेटवाला:
आणि उरलेला डबा?

तीनरोल:
मिल नसेल तर त्याचा नाद सोडा. रोलर मात्र आधी नेहमीच्या सॉल्व्हेंटने आणि मग कॅल्शियम काढायच्या द्रावाने धुवा. नुसत्या सॉल्व्हेंटने तो थर हलणार नाही.