चर्चा: एफवायच्या सूचनाफलकावर क्वीअर गटाचा कागद लावावा का?

पीएमटीचा पास

आमचं कॉलेज पुण्यातलं, नाव लिहीत नाही. गे, लेस्बियन, बाय, ट्रान्स मुलामुलींचा एक गट आमच्याकडे चार-पाच बॅचेस चालत आलाय. चालत आलाय म्हणजे व्हॉट्सॲपवर. नवीन कुणी यायचं तर आतल्याने त्याला आधी हेरायचं, गप्पांत चाचपायचं, मग हळूच ॲड करायचं. यंदा आम्ही काही जणांनी प्राचार्यांना अर्ज दिला: इंडक्शनला, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागताच्या कार्यक्रमात, एनएसएस, नाट्यमंडळ, ट्रेकिंगवाले बोलतात तशी पाच मिनिटं आम्हालाही द्या आणि फलकावर एक कागद लावू द्या. मॅडम चक्क हो म्हणाल्या. भांडण लागलंय ते आमच्याच गटात. निम्मे म्हणतात, कागद लागला की गट संपला. परवा मतदान आहे.

माझं मत: लावावा. हेरून घेण्याच्या पद्धतीत कोण आत येतं ते मी बघतोय. कोथरूड-औंधची, इंग्रजी शाळेतली, इन्स्टावर एकमेकांना आधीच ओळखणारी. बार्शी, उदगीर, शहाद्याहून आलेला पोरगा कॉट बेसिसवर राहतो, मेसमध्ये खालमानेनं जेवून निघून जातो, त्याला कोण हेरणार? त्याला गट सापडत नाही, पण डेटिंग ॲप पहिल्याच आठवड्यात सापडतं. गेल्या वर्षी अशाच एकाला ॲपवरून भेटायला बोलावलं. खोलीत आणखी दोघं निघाले. मारहाण, मोबाईल हिसकावून यूपीआयने पैसे काढले, वर ‘लावू का फोन बापाला?’ सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर त्याला माहीत होता. पण ‘तू तिथे गेलासच कशाला’ असं विचारतील म्हणून लावला नाही. आम्हाला कळलं तोवर त्याची सेमिस्टर बुडाली होती. चौकीत सोबत यायला ओळखीचा एक सीनियर असता तर एवढं झालं नसतं.

आणि हे उपकार मागणं नाही. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. लैंगिक कलावरून किंवा ट्रान्स असण्यावरून त्रास देणं, एकटं पाडणं हेही तेव्हापासून रॅगिंगच आहे. दरवर्षी आपण आणि आईबाबा ते हमीपत्र ऑनलाइन भरतो, ते याच नियमांखालचं. कुणी वाचत नाही हा भाग वेगळा.

भावकी

मी याच गटातला, आणि विरोधातला.

पास दादा, तुझ्या घरी माहीत आहे, म्हणून तुला कागद म्हणजे नुसता कागद दिसतो. माझ्या गावची पोरं याच हॉस्टेलला आहेत, चुलतभाऊ खालच्या मजल्यावर. एकाला कळलं की रात्रीत सगळ्या भावकीच्या ग्रुपवर. आपला फलक आहे कुठे? ऑफिसच्या खिडकीसमोर, जिथे परीक्षा फॉर्मची रांग लागते. तिथे थांबून तो कागद कोण वाचतंय हे अख्ख्या रांगेला दिसणार. नजर जरा रेंगाळली की ‘काय रे, मीठा का?’ सुरू. वर तुम्ही ‘गुरुवार, चार वाजता, खोली अमुक’ लिहिलंत की दाराबाहेर रील काढणारे हजर. आज गटात चाळीसेक जण आहेत आणि एकाचंही नाव बाहेर गेलेलं नाही, ते दार बंद आहे म्हणून.

सदाशिवकर

मुलांनो, माझा नातू यंदा एफवायला जातोय म्हणून लिहितो. द्वेष नाही, गैरसमज नसावा. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून तुम्हाला मोकळं केलं, बरं झालं. पण एखादी गोष्ट गुन्हा नसणं आणि कॉलेजने तिचा कागद लावणं यात अंतर आहे. कुणाला कोण आवडतं ही चार भिंतींतली बाब. बाकीच्या मुलांचा असा गट असतो का? आईबापांनी कर्ज काढून शिकायला पाठवलंय. शिका, नोकरीला लागा, मग आपल्या पायावर उभं राहून काय ते जगाला सांगा. आणि जिमखाना फी सगळेच भरतात, त्यातला पैसा यावर जाऊ नये.

पीएमटीचा पास

काका, कागदाच्या झेरॉक्सचे दोन रुपये आम्ही भरू.

वऱ्हाडी ठेचा

काका, ‘बाकीच्या मुलांचा गट’ म्हणाल तर गॅदरिंगचे कपल डान्स, रोझ डे, ट्रॅडिशनल डेला साडी-फेट्यातल्या जोड्या, हा सगळा त्यांचाच कार्यक्रम आहे जी. त्याला कोणी फी विचारत नाही.

आता चार भिंतींचं. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस नाव ऐकलं असेल. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, कवी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाच्या क्वार्टरमधल्या त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली. सिरस सर स्वतःच्या घरात, दुसऱ्या सज्ञान माणसासोबत होते. निलंबन कोणाचं झालं? घुसणाऱ्यांचं नाही, सरांचं. दिल्ली हायकोर्टाने सज्ञान माणसांचा खाजगी संबंध गुन्हा नाही असं जुलै २००९ मध्येच म्हटलं होतं, तरीही. १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने निलंबन थांबवलं आणि आठवडाभरात सर भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. त्या माणसाने कुठे पाटी लावली होती? भिंती चारही होत्या.

भावकी

ठेचा भाऊ, सिरस सरांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. नाव बाहेर जाईपर्यंत ते वर्षानुवर्षं शिकवत होते. बाहेर गेलं आणि दोन महिन्यांत संपलं. कोर्टात जिंकूनसुद्धा.

वऱ्हाडी ठेचा

बाहेर गेलं नाही, बाहेर काढलं. फरक आहे ना बाप्पा. जो दडून बसलाय त्यालाच ब्लॅकमेल करता येते.

वसतिगृह ब

तुमचं सगळं भांडण मुलांचं चाललंय. गटात मुली किती आहेत मोजा. मीटिंग कुठे, तर वेताळ टेकडीवर, संध्याकाळी. आमचं गेट साडेसातला बंद. पाच मिनिटं उशीर झाला की रजिस्टरात लाल शाईने नोंद आणि घरी फोन. रेक्टर मॅडम आईला सांगतात, ‘तुमची मुलगी टेकडीवर जाते हं.’ मग आई मुलगा शोधत बसते. (शोधू दे. सापडणार थोडाच!)

म्हणजे तुमचा ‘बंद दाराचा’ गट आमच्यासाठी आधीपासूनच बंद आहे. मुलींना कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या आवारात, रजिस्टरात नोंद असलेली खोलीच हवी. ‘लायब्ररीत होते’ एवढं घरी सांगता येतं.

दोन मुली एका ताटात जेवल्या, एका कॉटवर झोपल्या तरी कुणी काही म्हणत नाही, म्हणून लोकांना वाटतं आम्हाला सोपं आहे. टीवायला स्थळं यायला लागतात तेव्हा विचारा. माझ्याबरोबरच्या एकीचं शेवटच्या पेपरनंतर तिसऱ्या दिवशी बघण्याचा कार्यक्रम होता. तिला गटाचं नावही माहीत नव्हतं, आणि मला ती तशी आहे हे माहीत नव्हतं. एकाच मजल्यावर दोन वर्षं. माझं मत कागदाच्या बाजूने, पण संपर्काला एका मुलीचंही नाव हवं. माझं लिहिलंत तरी चालेल.

रोल नंबर १७

मी ट्रान्स बाई, एमए भाग १, जालन्याची. दिसावं की लपावं हा प्रश्न तुम्हाला पडतो. मी वर्गात पाय टाकला की माझं उत्तर सगळ्यांना मिळालेलं असतं.

हजेरीला जुनं नाव पुकारलं की सगळ्या माना वळतात. ‘हजर’ म्हणावं तर आवाज जातो, न म्हणावं तर हजेरी जाते. एका सरांना गाठून विनंती केली, नावाऐवजी नंबर घ्या. त्या सरांनी दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या वर्गाचे नंबर पुकारायला सुरुवात केली, कारण न सांगता. बाकीच्यांना अजून सांगतेच आहे.

खरी लढाई कागदांची. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र काढलं. पण दहावीची मार्कशीट एका नावाची, आधार दुसऱ्या, बँकेचं पासबुक तिसऱ्याच स्पेलिंगचं. महाडीबीटीवर, सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, नाव जुळेना, शिष्यवृत्ती अडकली. यात तुमच्या गटाचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. गटात मी विचारलं तर प्राइड मोर्चाला कुठला टी-शर्ट घ्यायचा यावर पोल चालू होता. मदत केली ती आंबेडकरी विद्यार्थी संघटनेच्या एका दादाने. जात पडताळणीचे हेलपाटे घातलेला माणूस, त्याला कुठल्या खिडकीवर कोण बसतं हे तोंडपाठ.

तेव्हा कागद लावा, पण इंद्रधनुष्य छापून जागा वाया घालवू नका. नाव बदलायचा अर्ज कुठे द्यायचा, कुठलं टॉयलेट वापरता येतं, हॉस्टेलच्या फॉर्मवर काय लिहायचं, रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२, तेवढं लिहा. आणि मराठीत लिहा.

पीएमटीचा पास

ताई, पोलचं खरं आहे. मसुदा तुम्हीच लिहाल का?

रोल नंबर १७

फुकटात नाही. चहा-क्रीमरोल.

ऑफ तासाला

मी दुसऱ्या कॉलेजात शिकवतो. तत्त्वाला विरोध नाही, पण एक अडचण कुणी मांडली नाही. बहुतेक कॉलेजांत इमारत एकच असते. त्याच फलकासमोरून अकरावी-बारावीची मुलं जातात. एफवायलासुद्धा प्रवेशाच्या वेळी सगळे अठराचे झालेले नसतात. अशी मुलं तिशीकडे झुकलेल्या माजी विद्यार्थ्यांसोबत एकाच व्हॉट्सॲप गटात, संध्याकाळी टेकडीवर. उद्या काही वाईट घडलं तर पोक्सो, म्हणजे अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागतो, आणि ‘गट कॉलेजचा नव्हता’ हे ऐकून घ्यायला पालक शांत बसत नाहीत.

आयआयटी मुंबईत ‘साथी’ हा गट २०११ पासून आहे, त्याचे दाखले नेहमी देतात. पण ते निवासी आवार, मुलं तिथेच राहतात, कामाला माणसं आहेत. आपल्याकडे मुलं पीएमपीने येतात, तास संपला की जातात, आणि समुपदेशक असला तरी आठवड्यातून एखादा दिवस. अधिकृत व्हायचं तर पूर्ण व्हा: जबाबदार शिक्षक नेमा, माजी विद्यार्थ्यांना वेगळं ठेवा, अठराच्या आतल्यांना फक्त समुपदेशकाकडे पाठवा. हे जमत नसेल तर कागद लावू नका. अर्धवट अधिकृत गट सगळ्यात धोक्याचा.

आणि इंडक्शनमधली पाच मिनिटं मला पटत नाहीत. जो स्टेजवर बोलेल त्याला तीन वर्षं त्याच ओळखीने हाक मारतील.

पीएमटीचा पास

सर, माजी विद्यार्थ्यांचा मुद्दा मान्य, तो गट वेगळा करू. पण शिक्षक नेमायचे म्हणजे मीटिंगला कोण आलं याची यादी त्यांच्याकडे जाणार. त्या यादीला कुलूप कोण लावणार? स्टेजवर मी बोलणार आहे. मला ‘बायल्या’ हा शब्द पाचवीपासून ऐकायची सवय आहे, आणखी तीन वर्षांनी काही बिघडत नाही.

निशिगंध

मी आई आहे, मुलगा आता नोकरीला. त्याने एसवायला असताना सांगितलं. दीर म्हणाले, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरीणबाई भल्या निघाल्या. त्याला बाहेर बसवलं आणि आम्हालाच म्हणाल्या, यावर औषध नसतं. ‘बरं करून देतो’ म्हणणारा भेटला तर सावध राहा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचाराला गैरवर्तन ठरवलंय. पुढे मुंबईतल्या ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या एका बाईंशी फोनवर बोलले, तेव्हा कुठे नीट झोप लागली.

पण तेच मला मुलाच्या तोंडून न कळता कॉलेजच्या फोनवरून कळलं असतं, तर घरात काय झालं असतं सांगता येत नाही. कागदावर ठळक लिहा: इथे आलेल्याच्या घरी कळवलं जाणार नाही. आणि तसं लेखी प्राचार्यांकडून घ्या. शिक्षक नेमणार असाल तर त्यांच्याकडूनही.

सदाशिवकर

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण घरच्यांपासून लपवायची लेखी हमी कॉलेज देणार, हे पालक म्हणून मला मुळीच पटत नाही. फी आम्ही भरायची आणि माहिती मात्र नाही?

वसतिगृह ब

आजोबा, नातू कुणाबरोबर सिनेमाला जातो हेही कॉलेज तुम्हाला कळवत नाही.

भावकी

सगळं वाचलं. निशिगंध काकूंची ओळ आणि १७ ताईंचा मसुदा, दोन्ही हवं. तरी जागेचा प्रश्न तसाच आहे. फलकावर नको. टॉयलेटच्या दारांना आतल्या बाजूने चिकटवा, लायब्ररीत संदर्भ विभागाच्या मागच्या भिंतीवर लावा. वेळ नाही, खोली नाही, फक्त एक ईमेल. कुणी पाहत नसताना वाचता आला पाहिजे.

पीएमटीचा पास

मॅडमचा शिक्का फक्त फलकासाठी मिळतोय. दाराच्या आत लावला तर शिपाई काका दुसऱ्या दिवशी फाडणार, त्यांना तसा आदेशच आहे. शिवाय टॉयलेटच्या दारावर आधीच आपल्याबद्दल बरंच काही लिहिलेलं आहे, त्यात आपणच भर घालायची?

भावकी

मग माझं मत नाहीच. परवा विरोधात टाकतोय, आणि आणखी सात-आठ जणांना सांगितलंय. तुम्ही जिंकलात तर इंडक्शनला मी नाट्यमंडळाच्या टेबलावर असेन. तुमच्या टेबलाभोवती दोनदा चक्कर मारून कुणी आमच्याकडे येऊन एकांकिकेबद्दल उगाच काहीबाही विचारायला लागला, तर त्याचा नंबर घेऊन ठेवीन.